शहरात ड्रोनचा सिग्नल का तुटतो, आणि तो तुटू नये म्हणून काय करायचं

शहरात उडवताना स्क्रीनवर ‘सिग्नल कमजोर’ दिसलं की बहुतेक जण रिमोटला दोष देतात किंवा ऑनलाइन अँटेना बूस्टर शोधू लागतात. माझ्या मते दोष सहसा यंत्रात नसतो. पायलट कुठे उभा आहे, त्याच्या आणि ड्रोनच्या मध्ये काय आहे, आणि उडवण्याआधी त्याने काय पाहून ठेवलंय, यावरच शहरातलं उड्डाण तरतं किंवा बुडतं. लग्नाचं शूट असो, सोसायटीच्या पुनर्विकासाचे फोटो असोत की बांधकामाची महिन्याची प्रगती, क्रम तोच ठेवायचा.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. ‘सिग्नल गेला’ या दोन शब्दांत तीन वेगवेगळे बिघाड लपलेले असतात. रिमोट आणि ड्रोन यांच्यातला रेडिओ दुवा तुटतो, हा पहिला. उपग्रहांकडून मिळणारं स्थान चुकतं किंवा नाहीसं होतं, हा दुसरा. कंपास लोखंडामुळे भरकटतो, हा तिसरा. तिन्हींवरचे उपाय निराळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यात घातक ठरू शकतो. रेडिओ दुवा तुटला तर आरटीएच, म्हणजे ड्रोन आपोआप घरी परतण्याची सोय, तुम्हाला वाचवते. कंपास बिघडलेला असताना तेच बटण दाबलं तर ड्रोन भलत्याच दिशेला, कदाचित समोरच्या इमारतीवर जाईल. म्हणून स्क्रीनवर आलेला इशारा पूर्ण वाचायची सवय लावा. नुसता लाल रंग पाहून बोटं हलवू नका.

आधी नकाशा

डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरच्या नकाशावर तुमची जागा हिरव्या, पिवळ्या की लाल क्षेत्रात येते ते बघा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे हिरव्या क्षेत्रात जमिनीपासून ४०० फूट, म्हणजे साधारण १२० मीटरपर्यंत उडवता येतं. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट, म्हणजे ६० मीटर होते. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवताच येत नाही. पुण्यात लोहगाव हे हवाई दलाचं ठाणं आहे, शिवाय खडकी, खडकवासला आणि लष्कराचा कँप भाग आहे. मुंबईत सांताक्रूझ आणि जुहू आहेतच, आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी पाहिलेल्या नकाशावर विसंबू नका. मुंबई पोलीस अधूनमधून ड्रोनबंदीचे आदेशही काढतात, तेव्हा स्थानिक पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

सिग्नलच्या लेखात परवानगीचा विषय घेण्याला कारण आहे. बड्या नेत्यांच्या दौऱ्यात, कारागृहांजवळ आणि संरक्षण आस्थापनांभोवती जॅमर, म्हणजे रेडिओ सिग्नल दाबून टाकणारी यंत्रं, असू शकतात. त्यांच्यापुढे तुमचं कुठलंही सेटिंग चालत नाही, त्यावर दूर राहणं हाच एक उपाय आहे. आणि खाजगी माणसाने जॅमर किंवा मोबाइल सिग्नल बूस्टर वापरणं भारतात बेकायदेशीर आहे. दूरसंचार विभागाने जुलै २०२२ मध्ये ते स्पष्ट सांगितलंय.

आदल्या दिवशीची पाहणी

जागेवर ड्रोन न घेता जा. शक्य असेल तर ज्या वेळी उडवायचं आहे त्याच वेळी जा. वेळ इतकी महत्त्वाची का? कारण निवासी भागात रात्री आठ ते अकरा प्रत्येक घरातलं वायफाय जोरात चालू असतं आणि सकाळी सातला तिथेच बरीच शांतता असते. ग्राहकाला तुम्ही वेळ सुचवू शकत असाल तर सकाळच सुचवा. उजेडही तेव्हाच चांगला असतो.

पाहणीत तीन गोष्टी शोधायच्या. पहिली, मोबाइल टॉवर. गच्चीवरच्या खांबांना लावलेले उभे, लांबट, पांढरट डबे हे त्यांचे अँटेना. ते किती मजल्यांवर आहेत आणि त्यांची तोंडं कुठे आहेत ते टिपून ठेवा. या अँटेनांचा झोत आडवा, किंचित खाली झुकलेला असतो. टॉवरच्या पायथ्याशी उभ्या माणसाला फारसा त्रास होत नाही, पण अँटेनाच्या उंचीवर, त्याच्या समोरून जाणारा ड्रोन थेट त्या झोतात सापडतो.

यात भारतातली एक खास अडचण आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. जिओ आणि एअरटेल यांची ४जी सेवा इतर बँडांबरोबर २३०० ते २४०० मेगाहर्ट्झ या बँडवरही, म्हणजे रेडिओ लहरींच्या पट्ट्यावरही, चालते. आपल्या ड्रोनचा २.४ गिगाहर्ट्झचा बँड २४०० पासूनच सुरू होतो, मध्ये मोकळी जागा जवळपास नाहीच. शेजारचा टॉवर जोरात बोलू लागला की ड्रोनचा रिसीव्हर बधिर होतो आणि तुमचा हलका आवाज त्याला ऐकू येत नाही. त्यामुळे टॉवरजवळ २.४ वर राहायचंच असेल तर बँडच्या वरच्या टोकाचं चॅनल घ्या. जमत असेल तर ड्रोनच्या दुसऱ्या, ५.८ गिगाहर्ट्झच्या बँडवर जा.

दुसरी गोष्ट, गच्चीवरच्या इंटरनेटच्या छोट्या थाळ्या. बरेच स्थानिक इंटरनेटवाले एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर ५ गिगाहर्ट्झच्या आसपास दुवा टाकतात. अशा दोन थाळ्यांच्या मधल्या सरळ रेषेत ५.८ वर उडणारा ड्रोन हमखास अडखळतो.

तिसरी गोष्ट, सर्वांत उंच इमारत. मजले मोजा, प्रत्येकी तीन मीटर धरा, वरच्या टाकीसाठी आणि लिफ्टच्या खोलीसाठी पाच-सहा मीटर वाढवा. हा आकडा पुढे लागणार आहे.

जमलं तर फोनमध्ये वायफाय अ‍ॅनालायझर टाकून गच्चीवर आणि खाली, दोन्हीकडे बघा. २.४ मध्ये बहुतेक राउटर १, ६ आणि ११ या चॅनलांवर गर्दी करून असतात, कारण तीच तीन एकमेकांवर चढत नाहीत. खाली दहा नेटवर्क दिसत असतील तर वर गेलेल्या ड्रोनला त्याच्या कितीतरी पट ‘ऐकू’ येतात, कारण त्याच्या आड भिंत नसते. म्हणून जमिनीवर सगळं ठीक असूनही पन्नास मीटरवर दुवा डगमगतो.

तुम्ही कुठे उभे राहता

सगळ्या लेखातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

रेडिओ लहरींना मोकळी सरळ रेषा लागते, पण नुसती रेषा पुरत नाही. रेषेभोवती मधोमध फुगलेल्या चिरुटाच्या आकाराची जागा मोकळी असावी लागते. ड्रोन ५०० मीटरवर असेल आणि तुम्ही २.४ वर असाल तर मध्यावर या जागेची त्रिज्या साधारण ४ मीटर भरते. म्हणजे ड्रोन डोळ्यांना दिसत असला तरी इमारतीचा कोपरा किंवा भिजलेलं वडाचं झाड त्या रेषेच्या अगदी जवळ असेल तर सिग्नल कमी होणार. पावसाळ्यात ओल्या पानांमुळे हे जास्त जाणवतं, आणि ५.८ वर आणखी जास्त.

गच्चीवरून उडवत असाल तर कठड्याच्या काठाजवळ उभे राहा, मधोमध नको. मधोमध उभं राहिलं की खाली उतरलेला ड्रोन कठड्याच्या आणि स्लॅबच्या आड जातो. काठावर उभं राहताना पाय घट्ट आणि सोबत एक माणूस हवाच, कारण तुमची नजर स्क्रीनवर असते. पाण्याच्या टाकीला, पत्र्याच्या शेडला किंवा सोलर पॅनलला पाठ टेकून उभे राहू नका. धातूवरून परतलेल्या लहरी मूळ लहरींशी भांडतात. रस्त्यावरून उडवताना उभ्या गाडीपासून चार पावलं दूर राहा.

आता अँटेना. ते बंदुकीसारखे ड्रोनवर रोखायचे नसतात. टोकाच्या दिशेला सर्वांत कमी सिग्नल जातो. अँटेनाच्या पातीची रुंद बाजू ड्रोनकडे हवी. ड्रोन डोक्यावर असेल तर पाती आडव्या करा, दूर आणि खाली असेल तर उभ्या. स्वतःचं शरीरही २.४ च्या लहरी बऱ्यापैकी शोषतं, म्हणून ड्रोन मागे गेला तर मान वळवून पाहू नका, पूर्ण वळा. रिमोट पोटाशी धरण्यापेक्षा छातीच्या उंचीवर धरा.

रिमोटला लावलेल्या फोनचं वायफाय, ब्लूटूथ आणि हॉटस्पॉट बंद करा. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवला तर फोन फ्लाइट मोडवरही चालतो. टॅबलेटला यूएसबी ३ ची हार्डडिस्क जोडलेली असेल तर काढा. त्या केबलमधून २.४ च्या बँडमध्येच गोंगाट सुटतो, आणि तो रिमोटपासून वीतभर अंतरावर असतो.

चॅनल आणि बँड

दोन्ही बँडमध्ये निवड अशी करायची. सारख्याच ताकदीने आणि सारख्याच अंतरावर ५.८ चा सिग्नल २.४ पेक्षा सुमारे ७.७ डेसिबलने कमी पोचतो, म्हणजे टप्पा निम्म्याहूनही कमी होतो. भिंती आणि झाडंही तो कमी भेदतो. तरी शहरात, ड्रोन ३०० मीटरच्या आत आणि डोळ्यांसमोर असेल तर मी ५.८ च घ्यायला सांगेन, कारण इथे अडचण अंतराची नसून गर्दीची आहे. झाडांच्या रांगेपलीकडे जायचं असेल, किंवा गच्च्यांवर त्या थाळ्यांचं रान असेल, तर २.४ बरा.

यंत्र आपोआप चॅनल निवडत असेल तर बहुतेक वेळा त्याला निवडू द्या, त्याचा वेग तुमच्या बोटांपेक्षा जास्त असतो. दुवा वारंवार अडखळत असेल तेव्हाच हाताने निवडा. ड्रोनच्या अॅपमध्ये ट्रान्समिशनच्या पानावर गोंगाटाचा आलेख दिसतो. त्यात आकडे डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजण्याच्या एककात, आणि उणे असतात; जितके खाली तितके चांगले. उणे ९० डीबीएमच्या खाली असलेली जागा उत्तम, उणे ७० च्या वर चढलेली जागा सोडून द्या. बँडविड्थ निवडायची सोय असेल तर ४० ऐवजी २० किंवा १० मेगाहर्ट्झ घ्या. स्क्रीनवरचं चित्र थोडं मऊ दिसेल, पण कार्डवर होणाऱ्या रेकॉर्डिंगला त्याने धक्का लागत नाही.

बिघाड कोणत्या टोकाला आहे हे ओळखण्याची एक खूण आहे. व्हिडिओ ड्रोनकडून तुमच्याकडे येतो, म्हणून तो तुटत असेल आणि स्टिकला ड्रोन चटकन प्रतिसाद देत असेल तर गोंगाट बहुधा तुमच्या आसपास आहे. तुम्ही जागा बदला. चित्र ठीक आहे पण हुकूम उशिरा पोचतायत, तर गोंगाट ड्रोनजवळ आहे. त्याला तिथून हलवा, बहुधा समोर टॉवर असेल. व्हिडिओ जड असल्यामुळे तो आधी तुटतो हेही खरं, त्यामुळे ही खूण शंभर टक्के नाही. पण निर्णय घ्यायला पुरते.

एफपीव्हीवाल्यांसाठी, म्हणजे चष्म्यात ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र पाहत उडवणाऱ्यांसाठी, एक सूचना. ९१५ मेगाहर्ट्झवर लावलेली परदेशी लाँगरेंज लिंक भारतात वापरू नका. ८९० ते ९१५ हा आपल्याकडे मोबाइल फोन टॉवरशी बोलतात तो पट्टा आहे. त्यात तुमचा दुवा मार खातो, आणि तुम्ही आसपासच्या लोकांचे फोन बिघडवता. आपल्याकडे परवानामुक्त पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा आहे आणि एक्स्प्रेसएलआरएस या एफपीव्हीच्या रेडिओ दुव्याच्या प्रणालीत भारतासाठी ८६६ चा वेगळा पर्याय आहे. तोच टाका.

उपग्रह

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवर असतात आणि त्यांचा सिग्नल जमिनीवर पोचतो तेव्हा साधारण उणे १३० डीबीएम उरतो. इतक्या क्षीण आवाजाला थोडाही गोंगाट पुरतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये हाँगकाँगच्या व्हिक्टोरिया बंदरावरच्या प्रकाशखेळात ४६ ड्रोन पाण्यात पडले, तेव्हा आयोजकांनी जीपीएस जॅमिंगकडेच बोट दाखवलं होतं.

आपल्या गल्ल्यांमध्ये मात्र जॅमिंगपेक्षा इमारतीच जास्त नडतात. दोन उंच इमारतींच्या फटीतून आकाशाची नुसती पट्टी दिसते. अर्धे उपग्रह झाकले जातात आणि उरलेल्यांतल्या काहींचा सिग्नल काचेच्या भिंतीवर आपटून उशिरा येतो. ड्रोन उपग्रह मोजतो खरा, पण त्यातला कोणता उडी मारून आलाय हे त्याला नेहमीच कळत नाही. मग तो हवेत उभा असल्याचं दाखवत बाजूला सरकतो. म्हणून नुसत्या आकड्यावर समाधान मानू नका. बारा-चौदा उपग्रह दिसत असूनही ड्रोन जागेवर थरथरत असेल तर डोळ्यांवर विश्वास ठेवा.

टेकऑफ आवारातल्या सर्वांत मोकळ्या जागेतून करा. ‘होम पॉइंट (परतायची जागा) नोंदला’ असं ऐकल्याशिवाय वर जाऊ नका, आणि नोंदलेली खूण नकाशावर खरोखर तुमच्याच जागी आहे का ते बघा. रस्त्यापलीकडे दिसत असेल तर उतरवा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा नोंदवा.

भारतीय अक्षांशांवर सूर्यास्तानंतर मध्यरात्रीपर्यंत आयनमंडलात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, खळबळ उठते आणि उपग्रहांचे सिग्नल लुकलुकतात. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, विशेषतः सूर्य जास्त सक्रिय असलेल्या वर्षांत, हे ठळकपणे होतं. विसर्जन मिरवणुकीच्या आणि नवरात्रीच्या संध्याकाळी नेमक्या याच काळात येतात. त्या वेळी कायद्याने परवानगी असली तरी जीपीएसशिवाय ड्रोन हाताळण्याचा सराव नसलेल्याने गर्दीजवळ उडवू नये, असं मी ठामपणे सांगतो.

कंपास

स्लॅबमध्ये सळया असतात, हे गच्चीवर उभं राहिलं की विसरायला होतं. ड्रोन थेट स्लॅबवर ठेवला तर कंपास सळयांकडे ओढला जातो. लाकडी स्टूल किंवा प्लास्टिकचं टेबल घ्या, तेवढ्या उंचीनेही फरक पडतो. गटाराचं झाकण, गाडीचं बॉनेट, मांडवाचे लोखंडी सांगाडे टाळा. चुंबकी झाकण असलेली बॅग आणि फोनचा चुंबकी स्टँड लांब ठेवा.

कॅलिब्रेशनचा, म्हणजे कंपास नव्याने जुळवण्याचा, इशारा शहरात आला की लोक तिथेच ड्रोन गरगरा फिरवायला लागतात. तसं केलंत तर लोखंडाजवळची चुकीची दिशा ड्रोनच्या डोक्यात पक्की बसते. आधी जागा बदलून पाहा, बहुतेक वेळा इशारा तेवढ्यानेच जातो. खरंच गरज असेल तर मोकळ्या मैदानात जाऊन करा.

टेकऑफनंतर दोन-तीन मीटरवर अर्धा मिनिट थांबा. नकाशावरचा बाण आणि ड्रोनचं खरं तोंड एकाच दिशेला आहे का ते बघा. ड्रोन हळूहळू मोठ्या होत जाणाऱ्या वर्तुळात फिरायला लागला तर कंपासच बिघडलाय, लगेच उतरवा. सळयांचा प्रभाव उंचीबरोबर झपाट्याने कमी होतो, त्यामुळे जमिनीवर चुकीची दिशा घेऊन उठलेला ड्रोन वर जाताना गोंधळतो. म्हणूनच हा अर्धा मिनिट वाया जात नाही.

परतीचं सेटिंग

पाहणीत काढलेला आकडा आता वापरा. परतीची उंची सर्वांत उंच इमारतीपेक्षा पंधरा-वीस मीटर जास्त ठेवा. स्क्रीनवरची उंची टेकऑफच्या जागेपासून मोजली जाते हे ध्यानात असू द्या. ४० मीटर उंच गच्चीवरून उडून स्क्रीनवर ६० दिसत असेल तर जमिनीपासून तुम्ही १०० मीटरवर आहात, आणि कायद्याची मर्यादा जमिनीपासूनची आहे. लोअर परळसारख्या भागात मर्यादेत राहून इमारत ओलांडताच येत नाही. तिथे ड्रोन इमारतीच्या एकाच बाजूला, तुमच्या नजरेसमोर ठेवा.

सिग्नल तुटल्यावर काय करायचं हेही निवडता येतं. पुलाखाली, मांडवात किंवा घरात उडवत असाल तर ‘परत ये’ ऐवजी ‘जागेवर थांब’ निवडा, नाहीतर ड्रोन वर चढून छताला धडकेल. बाहेर आलात की सेटिंग आठवणीने पुन्हा बदला.

हवेत असताना बिघडलं तर

रेडिओ दुवा कमजोर झाला तर स्टिक सोडा, ड्रोन थांबू द्या. रिमोट वर उचला, पातींची दिशा सुधारा, आडोशातून बाहेर या. हुकूम पोचत असतील तर थोडी उंची घ्या, टॉवर समोर नसेल तर तेवढ्यात दुवा सावरतो. चित्र गेलं पण ड्रोन दिसतोय, तर स्क्रीन विसरा आणि डोळ्यांनी उडवून आणा. दुवा पूर्ण गेला तर काही सेकंदांत आरटीएच आपोआप सुरू होईल. ड्रोन उंची घेताना संपर्क बहुधा परत येतो. तेव्हा घाईने आरटीएच रद्द करू नका, चित्र स्थिर झाल्यावर ताबा घ्या.

जीपीएस गेला तर ड्रोन जागा धरणार नाही, वाऱ्याबरोबर वाहील. ब्रेकही लागणार नाही. वाऱ्याच्या उलट बाजूला हलका स्टिक देत भिंतींपासून दूर न्या आणि जवळच्या रिकाम्या जागेत उतरवा. दहाएक मीटरच्या खाली आणि चांगल्या उजेडात पोटाखालचे कॅमेरे मदत करतात. अंधारात, पाण्यावर आणि गुळगुळीत काचेवर करत नाहीत.

कंपासचा इशारा आला तर आरटीएच दाबू नका. तुम्हाला ड्रोन दिसतोय ना, मग लहान-लहान हालचालींनी त्याला लोखंडापासून दूर काढा आणि हाताने उतरवा.

लग्नात आणि मिरवणुकीत एलईडी वॉल, डीजेची वायरलेस यंत्रणा, शेकडो हॉटस्पॉट एकाच जागी येतात. एलईडी वॉलच्या वीजपुरवठ्यातून आणि तारांतून बराच रेडिओ गोंगाट सुटतो, म्हणून टेकऑफ तिच्यापासून शक्य तितका दूर ठेवा. दुपारी मोकळ्या मैदानावर घेतलेली चाचणी संध्याकाळी उपयोगी पडत नाही. पाहुणे आल्यावर, पण गर्दीपासून बाजूला, पुन्हा एकदा थोड्या उंचीवर चाचणी घ्या आणि दुवा डगमगत असेल तर यजमानांना सरळ सांगा की वरून शूट होणार नाही. माणसांच्या डोक्यावरून तर एरवीही नेऊ नका.

उड्डाणानंतर लॉग, म्हणजे ड्रोनने आपोआप ठेवलेली उड्डाणाची नोंद, उघडून सिग्नल कुठे आणि किती उंचीवर पडला ते बघा. जागा, वेळ, चॅनल, टॉवरची दिशा वहीत लिहून ठेवा. महिन्याकाठी त्याच बांधकामावर जाणाऱ्यांना ही नोंद फार कामाला येते. नोंदीवर तारीख घाला, कारण नवा टॉवर किंवा आणखी चार मजले चढलेली शेजारची इमारत जुनी नोंद निकामी करते.